नुसतं ‘औंध’ सांगू नका! १०८ ला फोन लावल्यापासून दवाखान्यापर्यंत गाडीतले डॉक्टर काय करतात आणि आपण काय करायचं?

औंध (ता. खटाव) : रात्री कुणाच्या छातीत कळ येते, रानात पाणी धरताना साप चावतो, वळणावर दुचाकी घसरते. अशा वेळी आपण १०८ ला फोन लावतो. पण गाडी आली की अनेक ठिकाणी एकच गलका सुरू होतो : ‘आधी गाडीत टाका, बाकीचं नंतर बघा!’ गाडीतले डॉक्टर मात्र कधी रुग्णाजवळ बसून दहा-पंधरा मिनिटं काम करतात, तर कधी दोन मिनिटांत दार लावून निघतात. हा उशीर नसतो आणि ती घाईही नसते. कुठल्या रुग्णाला जागेवर थांबून उपचार द्यायचे आणि कुठल्या रुग्णाला लगेच हलवायचं, याचे नियम ठरलेले आहेत. ते आपल्याला माहीत असले की आपली मदत होते, नाहीतर अडथळा होतो.

पहिली गोष्ट पत्त्याची

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ पासून सुरू झाली. फोन राज्यात कुठूनही लावला तरी तो आपल्या तालुक्यात वाजत नाही. या सेवेचं राज्याचं नियंत्रण केंद्र पुण्यात उभारलं गेलं, आणि तेही पुण्याच्या औंधमध्ये, छाती रुग्णालयाच्या आवारात! आता विचार करा. घाबरलेल्या आवाजात तुम्ही नुसतं ‘औंधमधून बोलतोय, लवकर या’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठलं औंध येईल?

म्हणून पत्ता सांगायची सवय अशी लावा : आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग वस्ती आणि शेवटी खूण. ‘सातारा जिल्हा, खटाव तालुका, औंध गाव, मूळपीठ डोंगराच्या पायथ्याला.’ यात्रेच्या दिवसात डोंगरावर कुणाला त्रास झाला तर रुग्ण वर देवळापाशी आहे, पायऱ्यांवर आहे की खाली आहे, हेही सांगा. ‘यमाई देवीपाशी’ एवढं पुरत नाही, देवीचं एक मंदिर गावातही आहे.

हा गोंधळ फक्त औंधचा नाही. पळशी माण तालुक्यात आहे आणि सांगलीच्या खानापूर तालुक्यातही आहे. आपल्याकडचं भोसरे घाईत बोललं की पुण्याची भोसरी ऐकू येते. जुन्या औंध संस्थानातली आटपाडी आणि कुंडल ही गावं आज सांगली जिल्ह्यात आहेत. त्यामुळे एकाच पट्ट्यातल्या दोन गावांचे जिल्हे वेगळे, रस्ते वेगळे आणि मोठे दवाखानेही वेगळे. जिल्हा आधी सांगितला की निम्मं काम होतं.

फोनवर काय विचारतात आणि का?

कुठे आहात, काय झालं, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, वय किती, तुमचा नंबर काय, हे प्रश्न ठरलेले असतात. ‘एवढं काय विचारत बसलाय?’ म्हणून चिडू नका. उत्तरं ऐकूनच कुठली गाडी पाठवायची ते ठरतं. जमलं तर रुग्णाजवळच्याच माणसाने फोन करावा. लांबून फोन करणाऱ्याला श्वासाचं काही सांगता येत नाही.

फोन झाल्यावर तो मोकळा ठेवा. चालक परत फोन करतो आणि त्याच वेळी आपण पाहुण्यांना कळवत बसतो, असं होऊ देऊ नका. एका पोराला बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा. रस्त्यावर आडवा ट्रॅक्टर, मांडव किंवा जनावरं असतील तर बाजूला घ्या. घरातला कुत्रा बांधा.

गाडीत कोण असतं, काय असतं?

सेवा सुरू झाली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या ठरल्या : २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ मूलभूत जीवरक्षक. दोन्हीत एक डॉक्टर आणि एक चालक असतो. चालकाला तिथे ‘पायलट’ म्हणतात. आपल्याकडच्या गाडीत डॉक्टर असतो, ही महाराष्ट्राच्या सेवेची खासियत आहे. दोन्ही गाड्यांत ऑक्सिजन, घशातली घाण ओढायचं यंत्र, सलाईन, तातडीची औषधं आणि स्ट्रेचर असतं. प्रगत गाडीत त्याशिवाय व्हेंटिलेटर आणि हृदयाचे ठोके दाखवणारं, शॉक देणारं यंत्र असतं.

सेवा मोफत आहे. दवाखान्यातून घरी सोडायला किंवा मृतदेह न्यायला ही गाडी नसते. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ही वेगळी सेवा आहे, पण प्रसंग तातडीचा असेल तर १०८ लाच फोन लावा. ११२ वरूनही मदत मिळते.

गाडी आल्यावर पहिली पाच मिनिटं

डॉक्टर आल्या आल्या सुई टोचत नाहीत. त्यांच्या कामाचा क्रम जगभर जवळपास सारखाच आहे :

१. जागा सुरक्षित आहे का? तुटलेली वीजतार, विहिरीचा कठडा, रस्त्यावरची वाहनं आधी बघतात. मदत करणाराच पडला तर एकाचे दोन रुग्ण होतात.

२. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का? तोंडात उलटी, रक्त किंवा कवळी अडकली आहे का? जीभ मागे गेली आहे का?

३. श्वास कसा चालला आहे? बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात.

४. रक्ताभिसरण. नाडी, रक्तदाब आणि कुठून रक्त जातंय का?

५. भान किती आहे, बाहुल्या कशा आहेत, रक्तातली साखर किती आहे?

६. शेवटी कपडे बाजूला करून अंग तपासतात. चाव्याची खूण, मुकी जखम, सूज.

या वेळी भोवती गर्दी करू नका. एकाच माणसाने बोलावं आणि चार गोष्टी सांगाव्यात : काय झालं, किती वाजता झालं, आधीचे आजार आणि गोळ्या कुठल्या, कशाची ॲलर्जी आहे का. घड्याळ बघून वेळ लिहून ठेवली असेल तर सोन्याहून पिवळं. पुढे त्या वेळेवरच औषध द्यायचं की नाही ते ठरतं.

कधी थांबतात, कधी लगेच निघतात?

सोपा हिशोब आहे. जे काम गाडीतला डॉक्टर जागेवर करू शकतो आणि जे न केल्यास रुग्ण वाटेतच जाईल, ते जागेवर करतात. हृदय बंद पडलेलं असेल, दम कोंडला असेल, फिट चालू असेल, साखर एकदम उतरली असेल तर आधी उपचार आणि मग गाडी. हलत्या गाडीत छाती दाबण्याचं काम नीट होत नाही.

ज्याचा इलाज फक्त दवाखान्यात आहे, तिथे थांबत नाहीत. पोटातला रक्तस्राव, सर्पदंश, लकवा अशा रुग्णांना गरजेपुरतं स्थिर करून लगेच निघतात आणि बाकीचं गाडीत करतात.

आता एकेक प्रसंग बघू.

छातीत दुखणं

छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, दरदरून घाम येतो. ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजत बसू नका. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधी दुखत नाही, नुसता दम लागतो आणि घाम सुटतो.

डॉक्टर रक्तदाब बघतात, सोय असेल तर ईसीजी काढतात आणि ॲलर्जी किंवा रक्तस्राव नसेल तर ॲस्पिरिन चावून खायला देतात. ऑक्सिजन कमी असेल तरच लावतात. ‘मास्क लावला नाही’ म्हणून भांडू नका. जिभेखालची गोळी रक्तदाब उतरलेल्या माणसाला घातक ठरू शकते. शेजाऱ्याची गोळी उसनी देऊ नका.

आपण काय करायचं? रुग्णाला चालवायचं नाही, जिना चढू-उतरू द्यायचं नाही, दुचाकीवर मध्ये बसवून तर मुळीच न्यायचं नाही. टेकून बसवा, कपडे सैल करा.

श्वास आणि नाडी बंद

हाक मारली, खांदा हलवला, तरी हालचाल नाही आणि श्वास नाही किंवा आचके दिल्यासारखा श्वास आहे. अशा वेळी गाडीची वाट बघत बसणं म्हणजे हातातला वेळ घालवणं. मेंदूला चार-पाच मिनिटांपलीकडे ऑक्सिजन मिळाला नाही तर इजा सुरू होते आणि गाडी एवढ्या वेळात पोचत नाही.

रुग्णाला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध एका तळहातावर दुसरा ठेवून, कोपर न वाकवता दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दोन मिनिटांनी माणूस बदला. फोन स्पीकरवर ठेवून १०८ वाल्यांचं ऐका. गाडी आली की डॉक्टर तेच काम पुढे चालवतात, ३० वेळा दाबून २ वेळा श्वास देतात, गरज असेल तर शॉक देतात. तेव्हा ‘उचला, उचला’ करू नका.

लकवा

तोंड वाकडं, एक हात गळालेला, बोलणं अडखळतं. यातली एक खूणही पुरेशी आहे. रक्ताची गाठ विरघळवणारं औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येतं आणि तेही सीटी स्कॅन करून. म्हणून ‘शेवटचा नीट कधी बोलला?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. तोंडातून पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका, ते श्वासनलिकेत जातं. डॉक्टर साखर तपासतात, कारण साखर उतरली तरी लकव्यासारखंच दिसतं. वाटेतच ते सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्याला कळवतात. मालीश आणि झाडपाल्यात दिवस घालवला तर ती वेळ परत येत नाही.

साप चावला तर

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर एकच लस चालते. त्यामुळे साप मारून आणायची गरज नाही. त्या नादात दुसऱ्यालाच चावा बसतो.

चावलेली जागा कापणं, तोंडाने ओढणं, दोरी आवळणं, कडुनिंबाचा पाला खायला देणं हे सगळं बंद. घट्ट दोरीने हातपाय काळा पडतो. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, कारण सूज येणार आहे. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधतात तसा स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, धीर द्या.

मण्यार फसवी असते. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, बोलणं जड होतं. अशा माणसाला ‘अपचन’ म्हणून झोपवून ठेवू नका.

गाडीतले डॉक्टर श्वास सांभाळतात, सलाईनची सुई लावून ठेवतात आणि पुढच्या दवाखान्याला कळवतात. लस सहसा दवाखान्यातच देतात, कारण तिची रिॲक्शन येऊ शकते. दवाखान्यात थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष रक्तात भिनलं आहे असं समजतात. ही २० मिनिटं म्हणजे दुर्लक्ष नाही, ती तपासणीच आहे.

विंचू

लाल विंचवाच्या दंशाने लहान मुलं दगावायची. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून दाखवलं आणि आता सगळीकडे ते वापरलं जातं. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. नुसतं दुखत असेल तर घाबरायचं कारण नाही. पण दरदरून घाम, हातपाय गार, उलट्या, धाप यातलं काही दिसलं, विशेषतः लहान मुलात, तर लगेच फोन करा. ही गोळीही डॉक्टरांनीच द्यायची असते.

फवारणीचं औषध अंगात गेलं

खटावचा बटाटा-कांदा असो, आटपाडीचं डाळिंब असो की पलूस-तासगावची द्राक्षं, औषधाची बाटली घरोघर आहे. चुकून असो वा जाणून, पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. उलटी फुप्फुसात जाते. फवारताना अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणाने धुवा. धुणाऱ्याने हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालावी.

आणि बाटली बरोबर द्या! लाज वाटून ती लपवू नका. कीटकनाशकांच्या एका मोठ्या गटावर ॲट्रोपिन हे औषध चालतं. लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या आणि छातीतली घरघर बघून डॉक्टर ते देतात आणि दर पाच मिनिटांनी मात्रा वाढवत नेतात. पण पॅराक्वाट हे तणनाशक असेल तर ऑक्सिजनसुद्धा जपून द्यावा लागतो. हे बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

रस्त्यावरचा अपघात

ऊस हंगामात रात्री ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रिफ्लेक्टर नसलेली वाहनं आणि अंधारी वळणं असतात. जखमीला हातपाय धरून झोळीसारखं उचलू नका. मानेचा मणका निसटला तर आयुष्यभर पांगळेपण येतं. आग किंवा दुसऱ्या वाहनाचा धोका असेल तरच हलवा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने थेट दाबून धरा, सारखं उघडून बघू नका. पाणी पाजू नका, पुढे भूल द्यावी लागू शकते.

डॉक्टर मानेला पट्टा लावतात, हाड मोडलं असेल तिथे आधार बांधतात आणि निघतात.

‘पोलिसाचं लचांड नको’ म्हणून पुढे जाऊ नका. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव सांगायची सक्तीही नाही. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी मे २०२५ मध्ये केंद्राची योजना आली : नेमलेल्या दवाखान्यात ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकड न भरता उपचार.

वाटेत बाळंतपण

कळा जवळजवळ येत असतील आणि बाळाचं डोकं दिसत असेल तर डॉक्टर गाडी बाजूला घेऊन तिथेच बाळंतपण करतात. बाळ ओढायचं नसतं, पोट दाबायचं नसतं. बाळ आलं की कोरडं पुसून आईच्या छातीवर ठेवतात, वर उबदार कापड घालतात. नाळ लगेच कापत नाहीत, एक ते तीन मिनिटं थांबतात. रक्तस्राव रोखायला आईला इंजेक्शन देतात. बाईला डाव्या कुशीवर झोपवा, कागदपत्रं आणि धुतलेली सुती कापडं आधीच पिशवीत भरून ठेवा.

फिट आणि साखर

फिट आलेल्याला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, दातात चमचा घालू नका. आजूबाजूची वस्तू बाजूला करा, एका कुशीवर करा, वेळ मोजा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर धोका मोठा. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळायला लागला आणि गिळता येत असेल तर साखर-पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही नको, डॉक्टर शिरेतून ग्लुकोज देतात.

दवाखाना कोण ठरवतं?

‘आमच्या ओळखीच्या डॉक्टरकडे न्या’ असा आग्रह अनेकदा होतो. गाडीतले डॉक्टर जवळचं आणि त्या रुग्णाला योग्य असं ठिकाण निवडतात, बहुतेक वेळा सरकारी. औंधला ग्रामीण रुग्णालय आहे, वडूज जवळ आहे. त्यापुढचं लागलं तर साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय किंवा कराड, आणि आटपाडी-कुंडलकडच्यांना सांगली-मिरज. जवळच्या दवाखान्यात आधी थांबून स्थिर केलं आणि मग पुढे पाठवलं, तर त्याला ‘टाळाटाळ’ म्हणू नका. सापाची लस तासभर आधी मिळण्याला सगळ्यात जास्त किंमत आहे.

गाडी लांब असेल तर?

ग्रामीण भागासाठी साधारण अर्ध्या तासाचं उद्दिष्ट धरलेलं आहे. पण गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली असेल तर उशीर होतो. तेव्हा न सांगता खासगी गाडी काढून निघू नका. दोन्ही गाड्या वेगवेगळ्या रस्त्याने जातात आणि रुग्ण मध्येच राहतो. १०८ लाच विचारा : ‘गाडी कुठे आहे? आम्ही पुढे येऊन वाटेत भेटू का?’ एक ठिकाण ठरवा, रहिमतपूरचा रस्ता की पुसेसावळीचा ते स्पष्ट सांगा, मगच निघा. फोन केल्यावर रुग्ण बरा झाला किंवा दुसऱ्या गाडीने गेला तर तेही कळवा. ती गाडी दुसऱ्या गावात कुणालातरी हवी असते.

फोनमध्ये जपून ठेवा

• १०८ : सगळी तातडी. १०२ : गरोदर माता आणि बाळ. ११२ : पोलीस आणि इतर मदत.
• पत्ता : जिल्हा – तालुका – गाव – वस्ती – खूण.
• वेळ लिहा. गोळ्या, औषधाची बाटली, आधीचे कागद, आधार कार्ड आणि आरोग्य योजनेचं कार्ड बरोबर घ्या.
• गाडीत एकच नातेवाईक बसेल, बाकीचे मागून सावकाश या. ॲम्ब्युलन्सच्या मागे दुचाकी पळवू नका.
• आपल्या वस्तीचा पूर्ण पत्ता आजच कागदावर लिहून घराच्या भिंतीवर चिकटवा. म्हाताऱ्या माणसांना आणि शाळेतल्या पोरांना तो वाचून दाखवायला सांगा. वेळ आली की घरात नेमकं तेच असतात.